लघवीचा कल्चर रिपोर्ट, त्यातली ‘आर’ची रांग आणि औषधांना दाद न देणारे जंतू

दवाबाजार
लघवीच्या कल्चरचा (नमुन्यातले जंतू वाढवून केलेल्या तपासणीचा) रिपोर्ट घेऊन लोक थेट औषधांच्या दुकानात येतात. कागदावर पंधरा-वीस औषधांची यादी असते, प्रत्येकापुढे एक आकडा आणि एस (औषध लागू पडतं), आय (मधली पायरी) किंवा आर (लागू पडत नाही). मागणी ठरलेली: ‘एस असलेलं, आणि ज्याचा आकडा सगळ्यात लहान आहे ते द्या.’ डॉक्टरांची चिठ्ठी नसते. बरेचदा आधीच दोन-तीन दिवस कुठल्यातरी गोळ्या खाऊन झालेल्या असतात आणि नमुना त्यानंतर दिलेला असतो.

त्या यादीत आता आरच जास्त दिसतात. सिप्रोफ्लॉक्सासिन आर, सेफिक्झाइम आर, सेफ्ट्रायॅक्झोन आर. २०१९ साली अशा जंतूंमुळे जगभरात १२ लाख ७० हजार मृत्यू थेट ओढवले, असा अंदाज २०२२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. तेव्हा हा विषय फक्त मोठ्या इस्पितळांच्या आयसीयूपुरता उरलेला नाही.

जाणकारांनी चार गोष्टी सांगाव्यात. तो आकडा नक्की कसा वाचायचा? नमुना कसा द्यायचा? रिपोर्टमध्ये जंतू आला म्हणजे औषध घ्यायलाच हवं का? आणि चिठ्ठीशिवाय आलेल्या माणसाला काउंटरवरच्या माणसाने काय सांगायचं? माझं मत आधीच मांडतो: पहिली गोळी पोटात जाण्याआधी नमुना दिला, तर निम्मे घोळ होणारच नाहीत.

पेट्रीडिश
फार गरजेचा धागा. आकड्यापासून सुरू करते, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

तो आकडा म्हणजे एमआयसी. औषधाचं कमीत कमी किती प्रमाण असलं की त्या जंतूची वाढ थांबते, ते मिलिलिटरला किती मायक्रोग्रॅम या हिशेबात दिलेलं असतं. पण प्रत्येक औषधाची उत्तीर्ण होण्याची रेषा वेगळी असते. लघवीत नेहमी सापडणाऱ्या ई. कोलाय या जंतूसाठी सीएलएसआय या अमेरिकी संस्थेची प्रमाणं पाहा. सिप्रोफ्लॉक्सासिन ०.२५ किंवा कमी असेल तर एस, आणि १ झालं की आर. नायट्रोफ्युरँटॉइन मात्र ३२पर्यंत एस. म्हणजे एकाच कागदावर सिप्रोफ्लॉक्सासिन १ असेल तर ते निकामी, आणि नायट्रोफ्युरँटॉइन १६ असेल तर ते चालणारं. कारण नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत भरपूर उतरतं, तिथे १६ची पातळी सहज ओलांडली जाते. दोन वेगळ्या औषधांचे आकडे एकमेकांशी ताडूच नयेत. आकडा ताडायचा तो त्याच औषधाच्या रेषेशी, आणि ते काम लॅबने एस-आय-आर लिहून आधीच केलेलं असतं.

याची दुसरी बाजूही आहे. नायट्रोफ्युरँटॉइन रक्तात आणि किडनीच्या पेशींमध्ये पुरेसं पोचत नाही. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर बाजूला दुखणं, उलट्या असतील तर संसर्ग किडनीपर्यंत गेलेला असू शकतो. तिथे कागदावर ठळक एस असला तरी या औषधाचा उपयोग नाही. क्रिअॅटिनिन बरंच वाढलेलं असेल, म्हणजे किडनीचं काम मंदावलेलं असेल, तर तेच. आणि जंतू प्रोटियस निघाला तर त्याच्यावर हे औषध मुळातच चालत नाही.

निशिगंध
१ला आर आणि १६ला एस! हे लॅबवाल्यांनी रिपोर्टच्या तळाशी छापायला हवं. आणि ‘आय’ म्हणजे अधलंमधलं, ‘थोडं चालेल’ असं समजायचं का?

पेट्रीडिश
@निशिगंध, ‘थोडं चालेल’ असं नाही. युकास्ट या युरोपातल्या अशाच संस्थेने २०१९पासून आयचा अर्थच बदलला: औषधाची पातळी वाढवता आली तर चालेल. म्हणजे जास्त डोस, डोसांमधलं अंतर कमी, किंवा औषध मुळातच लघवीत साठणारं असेल तर. हा निर्णय डॉक्टरांचा. कोलिस्टिनचं, म्हणजे आयसीयूतल्या शेवटच्या पर्यायाचं, प्रकरण अजून वेगळं. सीएलएसआयने २०२०मध्ये कोलिस्टिनचा एस हा वर्गच काढून टाकला, फक्त आय आणि आर ठेवले. शिवाय कोलिस्टिनची तपासणी औषध लावलेल्या साध्या कागदी चकतीने होत नाही. त्याचा रेणू मोठा, जंतू वाढवायच्या जेलीत (आगरमध्ये) नीट पसरत नाही, त्यामुळे चकतीभोवतीचं वर्तुळ फसवं येतं. एखाद्या रिपोर्टवर चकतीच्या पद्धतीने ‘कोलिस्टिन एस’ लिहिलेलं दिसलं तर लॅबला फोन करून पद्धत विचारा.

परिचारिका_ताई
नमुन्याबद्दल लिहिते. अर्धे रिपोर्ट इथेच बिघडतात.

सकाळची पहिली लघवी, किंवा किमान तीन-चार तास मूत्राशयात राहिलेली. आधी हात साबणाने धुवायचे. बायकांनी जागा साध्या पाण्याने पुढून मागे धुवायची. डेटॉल-सॅव्हलॉन नको, त्याचा अंश नमुन्यात उतरला तर जंतू वाढतच नाहीत. ओठ बोटांनी बाजूला धरून पहिली धार सोडून द्यायची, मधली १०-२० मिली डबीत घ्यायची, शेवटची पुन्हा सोडून द्यायची. पुरुषांनी त्वचा मागे घेऊन तसंच. डबी लॅबने दिलेली निर्जंतुकच हवी. झाकणाची आतली बाजू कशावर टेकवू नये, आतून हात लावू नये. घरातली धुतलेली औषधाची बाटली अजिबात नको.

नमुना दोन तासांत लॅबमध्ये पोचला पाहिजे. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत तासभर राहिला तर जंतू दुपटी-दुपटीने वाढतात आणि रिपोर्ट खोटा भरघोस येतो.

कॅथेटर (लघवीची नळी) असलेल्या रुग्णाचा नमुना पिशवीतून कधीच घेऊ नये. नळीवरच्या नमुना काढायच्या तोंडाच्या (पोर्टच्या) खाली नळी १०-१५ मिनिटं चिमटून ठेवायची, पोर्ट स्पिरिटने पुसायचं, वाळू द्यायचं आणि सिरिंजने ओढायचं. कॅथेटर दोन आठवड्यांहून जुना असेल तर आधी बदलायचा आणि नव्यातून नमुना घ्यायचा. जुन्या नळीच्या आत जंतूंचा चिकट थर बसलेला असतो, रिपोर्टमध्ये तोच उतरतो.

पेट्रीडिश
ताईंच्या प्रतिसादाला जोडून, लॅबमध्ये पुढे काय होतं ते. १ मायक्रोलिटरच्या कड्याने नमुना प्लेटवर ओढतात. एक वसाहत उगवली म्हणजे मिलिलिटरला हजार जंतू. शंभर उगवल्या म्हणजे एक लाख, आणि हा आकडा रूढ अर्थाने ‘ठळक वाढ’ मानतात. तीन-चार प्रकारचे जंतू एकत्र उगवले तर बहुधा नमुना त्वचेवरच्या जंतूंनी बाटलेला असतो. अशा वेळी नमुना पुन्हा द्यावा, त्या चारांपैकी एक निवडून औषध सुरू करू नये.

पहिली रात्र जंतू उगवायला, दुसरी औषधांसमोर ठेवायला. म्हणून ४८ तास लागतात. चोवीस तासांत ‘पूर्ण रिपोर्ट’ मागणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आणि फॉर्मवर आधी घेतलेल्या गोळीचं नाव लिहाच. ‘वाढ नाही’ असा रिपोर्ट आला आणि आदल्या दिवशी सेफिक्झाइमच्या दोन गोळ्या झालेल्या असल्या, तर त्या रिपोर्टला फारसा अर्थ राहत नाही.

स्टेथोस्कोप
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

लघवीत जंतू सापडणं म्हणजे आजार नव्हे. जळजळ नाही, वारंवार जावं लागत नाही, ताप नाही, ओटीपोटात दुखत नाही, आणि तरी एक लाख ई. कोलाय आले, तर बहुतेकांना औषध द्यायचं नसतं. अपवाद मुख्यतः दोन: गरोदर बाई, आणि मूत्रमार्गातली अशी शस्त्रक्रिया किंवा दुर्बिणीची तपासणी जिच्यात अस्तराला इजा होऊन रक्त येऊ शकतं. म्हाताऱ्या माणसांमध्ये असे जंतू सर्रास सापडतात. महिनाभर कॅथेटर असेल तर जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत. लघवीला वास येतो किंवा ती गढूळ दिसते, एवढ्यावर कल्चर पाठवूच नये. पाठवलं की जंतू सापडणार, सापडला की औषध सुरू होणार, आणि पुढच्या खेपेला तोच जंतू आणखी दोन आर घेऊन येणार.

वाटाड्या
हे पटलं नाही. मधुमेह असलेल्या माणसाच्या लघवीत लाखभर जंतू आहेत आणि आपण स्वस्थ बसायचं? उद्या रक्तात उतरले तर? मधुमेहींना लघवीचे संसर्ग जास्त होतात आणि ते चिघळतातही, हे तर सर्वमान्य आहे.

स्टेथोस्कोप
@वाटाड्या, तुमची भीती रास्त आहे, म्हणूनच ती तपासली गेली. लक्षणं नसलेल्या मधुमेही स्त्रियांवरचा एक अभ्यास २००२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. निम्म्यांना प्रतिजैविकं, निम्म्यांना नाही. औषध घेणाऱ्यांच्या लघवीतले जंतू काही काळ गेले, पण पुढे लक्षणांसह होणारे संसर्ग किंवा इस्पितळात भरती होणं कमी झालं नाही. अंगात औषध मात्र कितीतरी जास्त दिवस गेलं. लक्षणं दिसली की मधुमेहीला वेळ न दवडता तपासायचं, हे खरंच. पण लक्षणांशिवाय नाही.

वाटाड्या
अभ्यास मधुमेहींवरच झालेला आहे म्हटल्यावर मुद्दा मान्य. लक्षणांची यादी मात्र घरच्यांना नीट समजावून दिली पाहिजे. म्हातारा माणूस स्वतःहून जळजळ सांगत नाही.

कोयनाकाठ
‘कोर्स पूर्ण करा, नाहीतर जंतू निर्ढावतील’ हे प्रत्येक पाकिटावर, प्रत्येक पोस्टरवर असतं. अजून तेच बरोबर आहे का? परदेशात आता वेगळं सांगतात असं वाचलं.

स्टेथोस्कोप
२०१७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये यावर जोरदार लेख आला होता. मुद्दा असा की बहुतेक साध्या जिवाणूसंसर्गांत लांबलेला कोर्सच प्रतिकार वाढवतो, कारण आतड्यातले आणि त्वचेवरचे निरुपद्रवी जंतू तेवढे जास्त दिवस औषधाच्या माऱ्याखाली राहतात. त्यातले टिकणारे उरतात आणि आपली जनुकं दुसऱ्यांना देतात. म्हणून आता कोर्स आखूड होत आहेत. स्त्रियांच्या साध्या मूत्राशयाच्या संसर्गाला नायट्रोफ्युरँटॉइन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, ५ दिवस. फॉस्फोमायसिन तर ३ ग्रॅमचं एकच पाकीट पाण्यात ढवळून. घरी उपचार होण्यासारख्या न्यूमोनियाला रुग्ण सुधारत असेल तर ५ दिवस पुरतात.

तिसरीघंटा
इथे मी ठाम विरोध नोंदवते. हे वाचून उद्या कुणी क्षयाच्या गोळ्या दोन महिन्यांत सोडेल. ‘बरं वाटलं की थांबा’ हे वाक्य महाराष्ट्रात बोलण्याआधी दहादा विचार करावा. २०१२च्या सुरुवातीला मुंबईतल्या हिंदुजा रुग्णालयातून डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध औषधांपैकी कशालाच दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण नोंदवले, तेव्हा अर्धवट आणि चुकीच्या उपचारांचाच मुद्दा पुढे आला होता.

स्टेथोस्कोप
@तिसरीघंटा, क्षय पूर्ण वेगळा आहे, हे मी आधीच लिहायला हवं होतं. क्षयाचे जंतू हळू वाढतात, सुस्त पडून राहतात आणि प्रतिकार स्वतःच्याच जनुकांतल्या बदलातून मिळवतात. तिथे एकच औषध किंवा अर्धवट कोर्स म्हणजे त्या बदललेल्या जंतूंना मोकळं रान. साध्या क्षयाला सहा महिने म्हणजे सहा महिनेच. मी म्हणतो ते इतर संसर्गांबद्दल, आणि तिथेही किती दिवस हे डॉक्टरांनी ठरवलेलं असावं. रुग्णाने मनाने थांबू नये.

तिसरीघंटा
मग ठीक. क्षयाचं पुढे सांगते. थुंकीच्या नमुन्यावर सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (जंतूची जनुकं शोधणाऱ्या तपासण्या) केलं की जंतू रिफाम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला दाद देतो का ते त्याच दिवशी कळू शकतं. ट्रूनॅट गोव्याच्या मोलबायोचं, बॅटरीवर चालणारं यंत्र आहे, त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रातही बसतं. रिफाम्पिसिनला दाद न देणाऱ्या क्षयासाठी २०२४ साली भारतात बीपाल्म ही पद्धत मंजूर झाली: बेडाक्विलीन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन. पूर्वी वीस-वीस महिने चालणारा उपचार आता सहा महिन्यांवर. यातलं मॉक्सिफ्लॉक्सासिन कुणी साध्या खोकल्याला उधळू नये, एवढं कळकळीचं सांगणं. निदान न झालेल्या क्षयाचा खोकला या गटातल्या गोळ्यांनी काही दिवस दबतो, निदान लांबतं, आणि औषध बोथट होतं ते वेगळंच.

गोठा_आणि_गवत
थोडं अवांतर, पण मुळाशी जोडलेलं. जनावरांकडच्या वापराबद्दल कुणीच बोललं नाही.

कासदाह, म्हणजे दगडी झाली की सडात ट्यूब सोडतात. नेमकं काय चुकतं ते सांगतो. दूध न तपासता ट्यूब. दोन दिवसांत फरक नाही म्हणून दुसऱ्या औषधाची ट्यूब. ते दूध वासराला. करायचं असं: चार खळग्यांच्या पॅडलमध्ये प्रत्येक सडाचं साधारण २ मिली दूध आणि तेवढंच सीएमटीचं (कासदाह ओळखायच्या चाचणीचं) द्रावण घालून गोल घोळवायचं. ज्या खळग्यात दूध शेंबडासारखं घट्ट होईल तो सड बाधित. कल्चरला द्यायचं तर सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं, पहिल्या दोन-तीन धारा टाकून द्यायच्या, निर्जंतुक बाटली आडवी धरून दूध घ्यायचं आणि बर्फात ठेवून पाठवायचं. तेही ट्यूब सोडण्याआधीच.

ट्यूब सोडताना नळीचं टोक पूर्ण आत खुपसू नये, जेमतेम छिद्रात जाईल एवढंच. नाहीतर सडाच्या तोंडचं संरक्षक अस्तर सोलवटतं आणि बाहेरचे जंतू आत ढकलले जातात. लेबलवर लिहिलेले दिवस दूध डेअरीला घालायचं नाही. त्या दुधाला विरजण लावलं तर दही नीट लागत नाही, कारण औषध विरजणातल्या जंतूंनाही मारतं. उकळल्याने औषधाचा अंश पूर्ण जात नाही. आणि ते वासराला पाजलं तर त्याच्या आतड्यात दाद न देणारे जंतू पोसले जातात, शेण-मूत्रातून शेतात जातात. दूध काढून झाल्यावर रोज सड आयोडीनच्या द्रावणात बुडवले तर अर्ध्याअधिक ट्यूबा लागणारच नाहीत.

सह्यभटक्या
@गोठा_आणि_गवत, अतिशय उपयुक्त. डेअरीच्या संकलन केंद्रावर हे छापून लावावं. कोंबड्यांचं काय?

गोठा_आणि_गवत
पूर्वी कोलिस्टिन खाद्यात वाढीसाठी मिसळत. माणसाच्या आयसीयूतला शेवटचा पर्याय तोच. २०१५ साली चीनमधून एमसीआर-१ या जनुकाची नोंद झाली. कोलिस्टिनला निकामी करणारं हे जनुक प्लाझ्मिडवर (जंतूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर) असतं, म्हणजे एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जातं. भारताने जुलै २०१९मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिनवर बंदी घातली. कोंबड्यांना बरंचसं औषध पिण्याच्या पाण्यातून देतात. त्यात आजारी पक्षी कमी पाणी पितो आणि निरोगी जास्त, त्यामुळे मात्रा चुकते ती कायमच.

निशिगंध
पुन्हा रिपोर्टकडे येते. ‘ईएसबीएल पॉझिटिव्ह’ असा शेरा असला की घरचे हादरतात. याचा अर्थ काय?

पेट्रीडिश
म्हणजे त्या जंतूकडे पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली बरीच औषधं तोडणारं विकर (एन्झाइम) आहे. सेफ्ट्रायॅक्झोन, सेफिक्झाइम बाद. पण हादरायचं कारण नाही. संसर्ग मूत्राशयापुरता असेल तर नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन बहुतेकदा अजून लागू पडतात. किडनी किंवा रक्तापर्यंत गेला तर मेरोपेनेम-एर्टापेनेमची, म्हणजे कार्बापेनेम गटातल्या औषधांची, गरज पडते.

पुढची पायरी गंभीर आहे: मेरोपेनेमसुद्धा आर. आपल्याकडे त्यामागे बहुतेकदा एनडीएम नावाचं विकर असतं. नवी दिल्लीत उपचार घेतलेल्या एका स्वीडिश रुग्णाच्या नमुन्यात ते प्रथम सापडलं, २००९ साली त्याचं वर्णन छापून आलं. सेफ्टॅझिडीम-अॅविबॅक्टम हे महागडं औषध एकट्याने एनडीएमवर चालत नाही, त्याच्या जोडीला अॅझ्ट्रिओनाम द्यावं लागतं. म्हणून रिपोर्टमध्ये नुसतं ‘कार्बापेनेम आर’ असून भागत नाही, कुठलं विकर आहे ते तपासून घ्यावं.

स्टेथोस्कोप
ईएसबीएल दिसला रे दिसला की फॅरोपेनेमच्या (मेरोपेनेमच्याच जातकुळीतल्या) गोळ्या लिहायची पद्धत पडली आहे, तिच्याबद्दल जाहीर चिंता व्यक्त करतो. मूत्राशयाचा साधा संसर्ग असेल तर त्याची गरज नाही. किडनीपर्यंत गेला असेल तर त्याच्या भरवशावर राहण्याइतका पुरावा नाही. आणि त्याच्याशी झुंजून तयार झालेला जंतू मेरोपेनेमलाही जुमानेनासा होऊ शकतो.

सह्यभटक्या
नवीन औषधं येतच नाहीत असं म्हणतात, ते तितकंसं खरं नाही. वोखार्टच्या छत्रपती संभाजीनगरच्या संशोधन केंद्रातून आलेलं नॅफिथ्रोमायसिन न्यूमोनियासाठी आलं आहे, ८०० मिग्रॅ रोज एकदा, तीन दिवस. चेन्नईच्या ऑर्किडचा शोध असलेलं एन्मेटाझोबॅक्टम, सेफेपीमच्या जोडीने, २०२४ साली अमेरिकेत मंजूर झालं. पण अॅझिथ्रोमायसिनसारखं नॅफिथ्रोमायसिनही सर्दीला वाटलं जाऊ लागलं तर पाच वर्षांत तेही आरच्या रांगेत.

तिसरीघंटा
आणि कारखान्यांचं सांडपाणी? हैदराबादजवळ पाटणचेरूच्या सामायिक सांडपाणी प्रकल्पातून प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरला ३१ मिग्रॅपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडलं होतं, २००७ साली ते छापून आलं. माणसाच्या रक्तात उपचाराच्या वेळी असतं त्याहून हे कितीतरी जास्त.

दवाबाजार
सगळ्यांचे आभार. चौथा प्रश्न शिल्लक राहिला, त्यावर नियम काय सांगतो ते मीच लिहितो, दुकानदारांना उपयोगी पडेल.

शेड्यूल एच-१, म्हणजे जास्त कडक नियमाने विकायच्या औषधांची यादी, मार्च २०१४पासून लागू आहे. त्यात सुरुवातीला ४६ औषधं होती: सेफिक्झाइम, सेफ्ट्रायॅक्झोन, लेव्होफ्लॉक्सासिन, मेरोपेनेम, फॅरोपेनेम, क्षयाची औषधं वगैरे. विकताना वेगळ्या वहीत डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं हे लिहायचं आणि वही तीन वर्षं जपायची. लेबलवर लाल चौकटीत सूचना असते. अॅझिथ्रोमायसिन, अमॉक्सिसिलिन, सिप्रोफ्लॉक्सासिन या यादीत नाहीत, ती साध्या शेड्यूल एचमध्ये आहेत. वही लागत नाही, पण चिठ्ठी लागतेच. ‘एच-१ नाही म्हणजे खुल्लं’ हा गैरसमज दुकानांतही आहे.

चिठ्ठीशिवाय आलेल्याला नुसतं ‘नाही’ म्हटलं की तो शेजारच्या दुकानात जातो. म्हणून नकाराबरोबर काहीतरी हातात द्यावं. जुलाब असतील तर ओआरएस, आणि मुलांना झिंक: सहा महिन्यांवरच्यांना २० मिग्रॅ, लहानांना १० मिग्रॅ, १४ दिवस. शौचातून रक्त, तीव्र ताप असेल तर लगेच डॉक्टर. सर्दी-घसा असेल तर पॅरासिटामॉल आणि मिठाच्या गुळण्या. लघवीची जळजळ असेल तर डॉक्टरांकडे पाठवताना निर्जंतुक डबी द्यावी.

वाटाड्या
डबी ठेवायची कल्पना एकदम पसंत. पण रविवारी लॅब बंद असते, तालुक्याला तर शनिवारी दुपारनंतरच. तेव्हा काय?

परिचारिका_ताई
नमुना घेऊन फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, ४ अंशाच्या आसपास. फ्रीझरमध्ये नाही. २४ तासांपर्यंत चालतो. डबीवर वेळ लिहा आणि नेताना बर्फाची पिशवी लावा. बोरिक अॅसिडची पूड असलेली डबी मिळाली तर फ्रिजशिवायही साधारण दिवसभर टिकतो, मात्र खुणेच्या रेघेपर्यंत भरायलाच हवी. कमी भरली तर पुडीचं प्रमाण वाढून जंतूच मरतात. मात्र ताप आणि थंडी असेल तर सोमवारची वाट पाहू नका. जवळच्या इस्पितळात जा, ते नमुना घेतील आणि लगेच औषध सुरू करतील.

कोयनाकाठ
अजून एक छोटा प्रश्न. मुलांच्या अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेटच्या सिरपची बाटली अर्धी उरते, ती पुढच्या खेपेला वापरतात. पुडीवरची मुदत तर दीड वर्षाची असते.

दवाबाजार
ती मुदत कोरड्या पुडीची. उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालून हलवलं की बाटली फ्रिजमध्ये ठेवून फक्त ७ दिवस. क्लॅव्ह्युलनेट पाण्यात झपाट्याने बिघडतं, रंग-वास तसाच राहिला तरी जोर गेलेला असतो. पाणी घातल्याची तारीख पेनाने बाटलीवर लिहा, आठव्या दिवशी उरलेलं काढून टाका. बेसिनमध्ये मात्र ओतू नका. चहाच्या चोथ्यात किंवा मातीत मिसळून, पिशवीची गाठ मारून कचऱ्यात द्या.